'सगळं' निघून जातं का? एमआरआयची कॉन्ट्रास्ट द्रव्यं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट द्रव्यं शोधणारे रसायनशास्त्रज्ञ, ती बाजारात आणणाऱ्या कंपन्यांचे संशोधन विभाग आणि त्यांना परवानगी देणारे औषध नियामक यांस,

सप्रेम नमस्कार.

सुई टोचण्याआधी रुग्ण जो प्रश्न विचारतो तो तुमच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एमआरआय वाचते आहे. हाताला आयव्ही लावून झालेली असते, संमतीच्या कागदावर सही झालेली असते आणि मशीनच्या टेबलावर आडवं होता होता माणूस हळूच विचारतो, "डॉक्टर, हे औषध अंगात राहत नाही ना?"

कितीतरी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. "नाही हो, चोवीस तासांत लघवीवाटे सगळं निघून जातं." मी खोटं बोलत नव्हते. मला तेच शिकवलं होतं. मूत्रपिंडं नीट चालत असतील तर रक्तातलं निम्मं द्रव्य साधारण दीड-दोन तासांत गाळलं जातं आणि दिवसभरात नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेर पडतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे. पण त्या वाक्यातला 'सगळं' हा शब्द मला आता उच्चारता येत नाही. तो पुन्हा उच्चारता यावा, यासाठी तुम्हाला काही सांगायचं आहे.

आधी तुमचे आभार मानते, आणि ते मनापासून. कॅन्सर झालेल्या एखाद्याच्या मेंदूचा साधा, म्हणजे प्लेन स्कॅन पडद्यावर येतो. सगळं करड्या रंगात, शांत, जिथल्या तिथे. मग कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरची चित्रं उतरू लागतात आणि लहान मेंदूच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पांढरा लखलखतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तिथे फाटलेला असतो, त्या फटीतून द्रव्य बाहेर झिरपलेलं असतं. तो ठिपका दिसला म्हणून त्या माणसाचा उपचार बदलतो. काही वेळा ऑपरेशन टळतं, काही वेळा वेळेवर होतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की कॉन्ट्रास्टशिवायच्या एमआरआयच्या जगात परत जावं असं मला कधीही वाटणार नाही. या पत्राचा कुणी 'कॉन्ट्रास्ट घेऊ नका' असा अर्थ लावला, तर तो माझ्यावर आणि रुग्णांवर अन्याय होईल.

कल्पनाही किती देखणी आहे! सीटी स्कॅनमधलं आयोडीन स्वतः दिसतं, कारण ते क्ष-किरण अडवतं. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट म्हणून देतात तो गॅडोलिनियम हा धातू स्वतः दिसतच नाही. दिसतं ते त्याला स्पर्शून गेलेलं पाणी. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी डिवचलं की ती पूर्वस्थितीला यायला थोडा वेळ घेतात. गॅडोलिनियमच्या आयनात सात एकेकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकी शेजारात हा वेळ एकदम आखडतो आणि टी-वन चित्रावर, म्हणजे हाच वेळ टिपणाऱ्या चित्रावर, ती जागा उजळते. पाण्याचा एक रेणू येतो, टेकतो, निघून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो; सेकंदाला लाखो वेळा हे चालतं. म्हणून इतकं थोडं द्रव्य इतकं मोठं काम करतं.

याची बीजं जुनी आहेत. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी १९४०च्या दशकातच पाण्यात फेरिक नायट्रेट मिसळून हा वेळ घटतो हे दाखवलं होतं. रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली चुंबकी अनुनादातून पहिलं चित्र काढलं आणि त्यानंतर पाचच वर्षांत आपल्या सहकाऱ्यांबरोबर कुत्र्यांच्या हृदयात मँगनीज देऊन, रक्तपुरवठा तुटलेला भाग वेगळा ओळखता येतो हे सिद्ध केलं. पण माणसाच्या शिरेत देता येईल असं द्रव्य बनवणं ही वेगळीच गोष्ट होती. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो. त्याचा आयन आकाराने कॅल्शियमच्या इतका जवळचा आहे की शरीरातल्या कॅल्शियमच्या वाटा तो अडवून बसतो. त्याला जखडून ठेवणारा रेणू, म्हणजे लिगँड, हवा होता. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी डीटीपीए निवडला. आठ ठिकाणी धरणारा हा रेणू नववी जागा पाण्यासाठी मोकळी सोडतो. १९८४ साली रुग्णांवरचे पहिले अनुभव प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पाठोपाठ फ्रान्समध्ये डोटा या कड्यासारख्या लिगँडचं द्रव्य आलं.

माझं सगळं म्हणणं या दोन लिगँडांमधल्या फरकाभोवती फिरतं. डीटीपीए ही सरळ साखळी आहे. ती धातूभोवती गुंडाळली जाते, आणि जशी गुंडाळली जाते तशी एका टोकापासून उलगडूही शकते. डोटाचं कडं असतं. त्यात धातू एकदा बसला की सगळ्या गाठी एकाच वेळी सुटल्याशिवाय बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. कागदावर दोन्ही 'स्थिर' म्हणून नोंदलेले असतात, कारण समतोलाचा स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट आहे तो आकडा, मोजला तर दोन्हींचे आकडे प्रचंड मोठे येतात. पण शरीर म्हणजे चंचुपात्रातला समतोल नव्हे. तिथे जस्त आहे, तांबं आहे, फॉस्फेट आहे, पेशींच्या आतले आम्लधर्मी कप्पे आहेत आणि मुख्य म्हणजे तिथे वेळ आहे. ज्याची मूत्रपिंडं चालत नाहीत त्याच्या शरीरात तर दिवसच्या दिवस आहेत. तिथे विचारायला हवं ते 'सुटायला किती काळ लागतो' हे. पकड किती घट्ट आहे एवढं पुरत नाही.

आणि तुमच्यातल्या काहींना हे फार आधी कळलं होतं. १९९२ साली उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्या द्रव्यातला किती गॅडोलिनियम शरीरात मागे उरतो, याचा संबंध ते द्रव्य आम्लात किती वेगाने सुटतं याच्याशी लागतो, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. त्याच सुमाराला गॅडोडायामाइड बाजारात आलं. ते सरळ साखळीचं, आणि तिथे डीटीपीएचे दोन हात बदलल्यामुळे पकड आणखी सैल झालेली. त्याच्या बाटलीत पाच टक्के जादा लिगँड घातलेला असे, सुटणारा धातू पुन्हा पकडावा म्हणून. सुटण्याची शक्यता बनवणाऱ्यांच्या हिशेबात होती, असाच याचा अर्थ मी लावते. पुढे २००४ साली, कुल्ह्याचा सांधा बदलताना काढून टाकलेल्या हाडांत गॅडोलिनियम मोजला गेला. ऑपरेशनच्या काही दिवस आधी ज्यांना गॅडोडायामाइड दिलं होतं त्यांच्या हाडांत, कड्याच्या द्रव्याच्या तुलनेत, मोजण्याच्या पद्धतीनुसार अडीच ते चार पट धातू निघाला. आणि ही मूत्रपिंडं शाबूत असलेली माणसं होती.

हे सगळं नियतकालिकांत छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांपैकीही कुणी वाचलं नव्हतं. आमच्यापर्यंत तुमची भाषा पोहोचत नव्हती आणि आमचे रुग्ण तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. १९९७ पासून डायलिसिसवरच्या काही रुग्णांची त्वचा लाकडासारखी कडक होऊ लागली. सांधे आखडले, काहींना चालता येईना, काहींची फुप्फुसं आणि हृदयही त्यात सापडलं. २००० साली या आजाराचं वर्णन प्रसिद्ध झालं, कारण मात्र कुणालाच कळत नव्हतं. २००६ साली ऑस्ट्रियातल्या एका मूत्रपिंडतज्ज्ञाने आणि लगोलग डेन्मार्कच्या डॉक्टरांनी धागा जोडला: या रुग्णांना एमआरआयच्या वेळी गॅडोडायामाइड मिळालं होतं. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस असं त्या आजाराचं नाव. जगभरात असे शेकडो रुग्ण नोंदले गेले. त्या काळात आम्ही डायलिसिसच्या रुग्णांना सीटीतल्या आयोडीनऐवजी मुद्दाम एमआरआयला पाठवत होतो, 'मूत्रपिंडाला सुरक्षित' म्हणून. कधीकधी दुप्पट-तिप्पट डोस देऊन. ही गोष्ट आठवली की आजही माझा घास अडतो.

२००८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. मानवी रक्ताच्या सीरममध्ये प्रत्येक द्रव्य मिसळायचं, ३७ अंशांवर पंधरा दिवस ठेवायचं आणि किती गॅडोलिनियम सुटला ते मोजायचं. गॅडोडायामाइडमधून सुमारे २० टक्के सुटला. डीटीपीएच्या मूळ द्रव्यातून सुमारे दोन टक्के. कड्याच्या द्रव्यांतून सुटलेला धातू मोजण्याच्या मर्यादेपेक्षाही कमी होता. एक बाटली, शरीराचं तापमान, पंधरा दिवस! पहिल्या परवानगीनंतर वीस वर्षांनी हे आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी बसले. असा तक्ता प्रत्येक द्रव्याच्या जन्माच्या वेळीच प्रसिद्ध व्हायला हवा होता, असं मला वाटतं.

त्यानंतर आम्ही क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघायला शिकलो, सैल द्रव्यं टाळायला शिकलो आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आता मिटलं, असं वाटलं. पण २०१४ साली जपानमधले संशोधक टोमोनोरी कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण निरीक्षण मांडलं. ज्यांना सहा किंवा जास्त वेळा कॉन्ट्रास्ट मिळालं होतं, त्यांच्या साध्या, काहीही न देता काढलेल्या स्कॅनमध्येच मेंदूतली दोन केंद्रकं, डेंटेट आणि ग्लोबस पॅलिडस, उजळ दिसत होती. पुढच्याच वर्षी शवविच्छेदनातल्या ऊतींत प्रत्यक्ष गॅडोलिनियम मोजून शंका खरी ठरली. तो लेख वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी माझ्या जुन्या रुग्णांची चित्रं काढून बसले. दिसत होतं. वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नव्हतं.

२०१७ साली युरोपच्या नियामकांनी शिरेतून द्यायची बहुतेक सरळ साखळीची द्रव्यं थांबवली. यकृताच्या तपासणीपुरती दोन ठेवली. अमेरिकेच्या नियामकांनी त्याच वर्षाअखेरीस सर्व गॅडोलिनियम द्रव्यांवर 'शरीरात काही अंश राहतो' असा इशारा घालायला लावला आणि रुग्णाला वाचायला माहितीपत्रक द्यावं असं सांगितलं. मेंदूत राहिलेल्या या अंशामुळे मूत्रपिंडं निरोगी असलेल्या माणसांना इजा होते, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. हे मी प्रत्येक रुग्णाला स्पष्टपणे सांगते आणि इथेही सांगते. पण 'इजा सिद्ध झाली नाही' आणि 'काही राहत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं सांगण्याची सवय लागलेल्या आम्हाला पहिलं सांगायला शिकावं लागलं.

आता तुमच्याकडून काय हवं ते.

नव्या द्रव्यांच्या लेखांत पहिल्याच तक्त्यात रिलॅक्सिव्हिटी असते, म्हणजे ते द्रव्य पाण्याला किती जोराने उजळवतं त्याचा आकडा. तुमची चढाओढ त्या आकड्यासाठी चालते. त्याच तक्त्यात, त्याच आकाराच्या अक्षरांत, मला आणखी दोन रकाने हवे आहेत: जस्त, फॉस्फेट आणि आम्ल यांच्या सान्निध्यात सुटायला लागणारा काळ, आणि प्राण्यांत महिन्याने व वर्षाने हाडात, त्वचेत, मेंदूत उरलेला अंश. पुरवणीच्या सत्तराव्या पानावर नको. ज्या रेणूचा पहिला आकडा भव्य आणि हे दोन वाईट, तो तिथेच सोडून द्या, आणि का सोडला तेही छापा. सोडलेल्या रेणूंची कहाणी कुणी सांगत नाही, म्हणून तीच चूक दुसरी प्रयोगशाळा पुन्हा करते.

गॅडोपिक्लेनॉल या नव्या गॅडोलिनियम द्रव्याचं मी मोकळ्या मनाने स्वागत केलं. कड्याची घडण, पाण्यासाठी एकाऐवजी दोन जागा, रिलॅक्सिव्हिटी नेहमीच्या द्रव्यांच्या दुप्पट-तिप्पट, आणि म्हणून रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोलऐवजी ०.०५ मिलिमोल डोस पुरतो. २०२२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तितकंच स्वच्छ चित्र निम्म्या धातूत मिळणं ही खरी प्रगती आहे. फक्त ती मिळवून झाल्यावर 'आता डोस कमी आहे, तर आणखी वारंवार स्कॅन करा' असा प्रचार करू नका. वाचवलेला धातू रुग्णाच्या खाती जमा राहू द्या.

संगणकाकडून कॉन्ट्रास्ट 'रंगवून' घेण्याबद्दलही विचारणा होते. २०१८ साली दशांश डोसाच्या चित्रांवरून पूर्ण डोसाचं चित्र तयार करून दाखवलं गेलं आणि ते प्रभावी आहे. पण टाचणीच्या डोक्याएवढा तो ठिपका यंत्राने पुसला किंवा नसलेला काढला, तर मला ते कळणार कसं? दशांश डोस देऊन खरा पुरावा हाताशी असेल तर मी पुढे जाईन. काहीच न देता काढलेल्या काल्पनिक उजेडावर रिपोर्ट लिहायला माझा हात धजणार नाही.

दुसऱ्या धातूंबद्दल मला तुमच्याइतकीच आस आहे, आणि थोडी नाराजीही. लोहाचं उदाहरण घ्या. शरीर लोह ओळखतं, वापरतं, साठवतं. यकृतासाठी बनवलेली लोह ऑक्साइडची द्रव्यं १९९०च्या दशकात आली आणि मागणी नाही म्हणून अनेक देशांच्या बाजारातून निघूनही गेली. लसीकाग्रंथींत शिरलेला कॅन्सर दाखवणाऱ्या लोहकणांनी २००३ साली प्रोस्टेटच्या रुग्णांत फार मोलाचं काम करून दाखवलं, तरी ते द्रव्य सर्वत्र पोहोचलंच नाही. आज मूत्रपिंडं निकामी झालेल्यांत काही ठिकाणी फेरुमॉक्सिटॉल वापरतात. ते मुळात रक्तक्षयावरचं औषध आहे, आणि त्याच्या तीव्र ॲलर्जीचा इशारा डोक्यात ठेवून, जपूनच द्यावं लागतं. लॉटरबर यांच्या त्या मँगनीजचंही एक द्रव्य १९९७ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि नंतर मागे पडलं. आता नव्या लिगँडांत बांधलेलं मँगनीज माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं आहे, याचा मला आनंद आहे. पण 'मँगनीज शरीरात असतंच, म्हणून ते सुरक्षित' असं म्हणू नका. खाणींत आणि वेल्डिंगच्या धुरात मँगनीजने मेंदूचं काय होतं, हे वैद्यकाला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. ते साठतंही नेमकं ग्लोबस पॅलिडसमध्येच. तेव्हा जी कसोटी गॅडोलिनियमला उशिरा लावली, ती याला आधी लावा.

धातू नसलेल्या वाटांवर, म्हणजे ध्रुवीकृत कार्बन-१३चं पायरुव्हेट, फुप्फुसांसाठी झेनॉन वायू, किंवा रक्तालाच चुंबकी खूण करणारं लेबलिंग, यांवर मी इथे थांबत नाही. ती माझ्या रोजच्या कामाची जागा घेतील त्या दिवसाची वाट मात्र पाहते आहे.

एक गोष्ट नियामकांसाठी. मूत्रपिंडातून गेलेलं द्रव्य कुठे जातं? १९९६ साली जर्मनीत ऱ्हाइनसारख्या नद्यांच्या पाण्यात गॅडोलिनियम अनपेक्षितपणे जास्त सापडला, आणि त्याचा उगम रुग्णालयं आहेत असं दाखवून दिलं गेलं. सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प हे द्रव्य अडवू शकत नाहीत, कारण ते पाण्यात विरघळतं आणि घट्ट बांधलेलं असतं. ज्या गुणासाठी आम्ही कड्याचं द्रव्य निवडतो, तोच गुण त्याला नळापर्यंत नेतो. रुग्णांना पहिल्या काही तासांसाठी लघवीची पिशवी देऊन ते वेगळं गोळा करण्याचे प्रयोग झाले आहेत. परवानगीच्या फाईलमध्ये याचाही कागद असावा: हे द्रव्य परत कसं गोळा करता येईल, आणि त्याचा खर्च कोण उचलेल.

आणि दुसरी: आयुष्यभराची मोजदाद. माझ्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराची, एक रुग्ण येते. पहिला स्कॅन झाला तेव्हा तेवीस वर्षांची होती. मी एकदा तिच्या सगळ्या फाईली जमवून मोजलं: चौदा डोस, चार वेगवेगळ्या केंद्रांवर, त्यातले पहिले सहा सैल द्रव्याचे. तीन रिपोर्टांवर द्रव्याचं नावसुद्धा नव्हतं, फक्त 'कॉन्ट्रास्ट दिलं' एवढंच. आता तिचे नेहमीचे फॉलोअप आम्ही प्लेन स्कॅनवरच करतो आणि खरंच गरज असेल तेव्हाच कॉन्ट्रास्ट देतो. पण तिच्या हाडांत आज किती आहे, हे सांगायला माझ्याकडे काहीही नाही. प्रत्येक डोसाचं नाव, मात्रा आणि तारीख रुग्णासोबत प्रवास करेल अशी सक्ती तुम्ही करू शकता. नवं द्रव्य मंजूर करताना पाच आणि दहा वर्षांनंतरच्या मोजमापाची अट घालू शकता. कुल्हे आणि गुडघे बदलण्याची ऑपरेशनं रोज होतात आणि काढलेलं हाड टाकून दिलं जातं. रुग्णाची संमती घेऊन ते मोजायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात तिचा स्कॅन आहे. या वेळी डोळ्याची नवी तक्रार आहे, त्यामुळे कॉन्ट्रास्ट द्यावं लागेल, पंधरावा डोस. ती विचारणार, कारण ती नेहमी विचारते. मी तिला सांगेन की बहुतेक सगळं उद्यापर्यंत निघून जाईल, अगदी थोडं राहील, आणि त्या थोड्याने अपाय होतो असं आजवर आढळलेलं नाही. 'थोडं म्हणजे किती?' असं तिने विचारलं, तर तो आकडा मला तुमच्याकडून हवा आहे.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट